जागा शिल्लक नाही

फोनमधली जागा संपण्याचा मुहूर्त पंचांगात दिलेला नसतो, तरी तो कधी चुकत नाही. भाच्याच्या लग्नात मंगलाष्टकं रेकॉर्ड करायची जबाबदारी बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतःहून अंगावर घेतली. हॉलमध्ये दोन व्हिडिओवाले, एक ड्रोन आणि क्रेनला लटकवलेला कॅमेरा हजर होता, पण "त्यांचा व्हिडिओ सहा महिन्यांनी येतो, तोवर बारसं होतं" हा बाबांचा मुद्दा बिनतोड होता. त्यांनी पहिल्या मंगलाष्टकापासून फोन उंच धरला. आत्याबाईंनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं अथपासून इतिपर्यंत आली, अक्षता वाटणाऱ्या मुलीचा हात आला, पुढच्या रांगेतल्या गृहस्थांचं टक्कल तर सलग आलं. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट खाली यायला लागला आणि पडद्यावर पाटी झळकली: 'जागा शिल्लक नाही.' बाबांनी चष्मा कपाळावर चढवून ती वाचली आणि मागे वळून मला म्हणाले, "पुढे चार खुर्च्या रिकाम्या आहेत की!"

त्याच रात्री कार्यालयाच्या खोलीवर उरलेली जिलबी संपवताना घरातल्या सगळ्यांचे फोटो 'वर', म्हणजे क्लाउडवर, टाकायचा ठराव झाला. तो मांडला मकरंदने. माझा नवरा कुठल्याही यंत्राबद्दल सल्ला देऊ शकतो; यंत्राने ऐकलं नाही तर तो यंत्राचा हट्टीपणा. मी आपला एक साधा उपाय सुचवला की वर टाकण्याआधी नको ते फोटो डिलीट करू या. खोलीत शांतता पसरली. मी जणू देवघरातली पितळी समई भंगारवाल्याला द्यायचं बोलले होते.

तरी घरी आल्यावर एका रविवारी आम्ही डिलीट करायला बसलो. सोफ्यावर पाच जण, मधे एक फोन, आणि प्रत्येक फोटोला किमान एक वकील. मॉलच्या पार्किंगमधल्या खांबाचा फोटो होता, बी-2, खांब क्रमांक 47. गाडी केव्हाच बाहेर काढलेली, विकलेलीसुद्धा. "राहू दे, त्या गाडीची तेवढीच आठवण आहे," मकरंद म्हणाला. कुणाच्या तरी सुजलेल्या घोट्याचा फोटो होता. "माझा आहे तो. डॉक्टरांना दाखवायला काढला होता. परत सुजला तर ताडून बघता येईल," आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या. लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानातल्या साड्यांचा तर अख्खा ढीग होता, त्यातली एकही घेतलेली नाही. आईंच्या मते ते फोटो म्हणजे घेतल्यासारखंच आहे, शिवाय फॉल-पिकोचा खर्च नाही.

समूह फोटोंपाशी गाडी कायमची अडली. एकाच क्षणाचे नऊ फोटो, आणि प्रत्येकात कुणाचे ना कुणाचे डोळे मिटलेले. मोठ्या नणंदबाईंचे मिटलेत तो काढावा, तर त्या व्हिडिओ कॉलवरून म्हणाल्या, "अगं नको, त्यातच माझा पदर नीट आलाय." मग जावईबापूंचे मिटलेले काढू म्हटलं. त्यावर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच डोळे मिटून घेतले. संध्याकाळपर्यंत आम्ही डिलीट काय केलं, तर खिशात आपोआप निघालेला एक काळा फोटो. आमच्या लेकीने, सईने, तोही मागाहून परत आणला. तिला त्यात 'मूड' दिसत होता.

ढगात जागा घ्यायला आम्ही महिन्याला 130 रुपये मोजतो, ते हे भांडण पुढच्या महिन्यावर ढकलण्यासाठी, असं माझं मत झालं आहे. त्या हिशेबाने दर काहीच नाही.

पूर्वी हे भांडण होऊ न द्यायची सोय रोलच करायचा. आमच्याकडे कोडॅकचा केबी-10 होता, त्यात 36 फोटोंचा रोल. नशिबाने एखादा जास्त निघायचा, त्याचा आनंद वेगळा. त्या 36 मध्ये गणपती, महाबळेश्वर आणि नणंदबाईंचं केळवण असं सगळं बसायचं, तरी दोन-तीन उरायचे. मग रोल धुवायला टाकायचा म्हणून दारातल्या कुंडीचा एक, नव्या फ्रिजचा एक आणि शेवटचा शेजारच्या काकांचा. आमच्या सगळ्या अल्बमांत शेवटच्या पानावर शेजारचे काका आहेत, दर वर्षी थोडे जाड. त्या काळात फोटो काढताना लोक श्वास रोखून उभे राहायचे. आता श्वास चालू असतो आणि बोटही चालूच असतं.

मग डिजिटल आलं, आणि फोटो ठेवायचे कुठे याची वणवण सुरू झाली. आधी 700 एमबीच्या सीड्या. मकरंदने त्यांच्यावर मार्करने 'फोटो', 'फोटो इतर', 'फोटो फायनल', 'फोटो फायनल नवे' अशी नावं घातली. ठाण्याच्या चार पावसाळ्यांनंतर त्यांच्यावर बुरशीची नक्षी उमटली, ती काही फोटोंपेक्षा बरी दिसत होती. नंतर ऑर्कुटवर अल्बम टाकले. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. पिकासावर टाकले; 2016 मध्ये पिकासाचा गाशा गुंडाळला गेला. फ्लिकरने 2013 मध्ये अख्खा एक टेराबाइट फुकट देऊ केला, तिथे मकरंद हर्षभराने धावला. 2019 पासून फुकट्यांना हजार फोटोंची वेस घातली गेली. 2015 मध्ये गुगल फोटोज आलं, थोडे दाबून बसवलेले फोटो हवे तितके ठेवा, पैसे नकोत. फुकट ते पौष्टिक या न्यायाने आमच्या घराने सहा वर्षं जे दिसेल त्याचा फोटो काढला. 1 जून 2021 ला ती पंगत उठली. तेव्हापासून 15 जीबी फुकट, आणि त्यातच मेल, त्यातच फायली, त्यातच फोटो.

15 जीबी म्हणजे किती, हे मकरंदच्या फ्लेमिंगोंवरून सांगते. हिवाळा लागला की हा पहाटे ऐरोलीला ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यात जातो. गळ्यात पाणी भरायच्या तांब्याएवढी लेन्स. फोटो रॉ काढायचे, कारण जेपीईजी हौशी लोक काढतात. एक रॉ फोटो साधारण 25 एमबीचा. म्हणजे 600 फोटोंत 15 जीबी खलास, आणि फ्लेमिंगोंचा थवा उडाला की हा कॅमेऱ्याचं बटण सोडतच नाही. संध्याकाळी सगळ्यांना ते टीव्हीवर बघावे लागतात. राखाडी पाणी, वर गुलाबी ठिपके. पुढचा फोटो: राखाडी पाणी, ठिपके किंचित डावीकडे. "यातला एक ठेव आणि बाकीचे काढ," मी एकदा म्हटलं. "कुठला एक?" त्याने विचारलं. तेवढ्यावर आमचा संवाद संपला.

पैसे भरायचे ठरलं तेव्हा बाबांनी बैठक बोलावली. त्यांचं निम्मं आयुष्य गिरगावातल्या चाळीत गेलं आहे. महिन्याला भाडं हा शब्द त्यांना आवडत नाही.

"पागडीवर नाही का मिळत?"

"नाही हो बाबा."

"मग भाडं थकलं तर?"

"नवीन फोटो घेत नाहीत. मेल यायचे बंद होतात. दोन वर्षं तसंच राहिलं तर सामान काढून टाकू शकतात."

"कोर्टात जायची सोय?"

एकदा ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना मकरंदने गाडी हळू केली आणि बिनखिडक्यांच्या भल्यामोठ्या इमारती दाखवल्या. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरं दाटीवाटीने उभी आहेत. आत कपाटांच्या रांगांत संगणक, त्यांना गार ठेवायला दिवसरात्र एसी आणि वीज गेली तर डिझेलची जनित्रं. "बाबा, लोक ढग ढग म्हणतात ना, तो असा असतो." आपले फोटो नेमके इथेच असतील असं नाही, सिंगापूरला असतील नाहीतर आणखी कुठे, हेही त्याने सांगितलं. पण बाबांनी तेवढं ऐकलं नाही. ते टपाल खात्यातून निवृत्त झालेत. "एवढ्या जवळ आहे तर इंटरनेट कशाला जाळतोस? पेनड्राइव्ह पाकिटात घालून देऊन ये, पोचपावती घे."

आम्ही पोट धरून हसलो. मकरंदला तर ठसकाच लागला. आणि मग सईने मागच्या सीटवरून फोनमध्ये बघत वाचून दाखवलं की ॲमेझॉनने 2016 मध्ये नेमका हाच उद्योग काढला होता. 45 फुटी कंटेनरचा ट्रक दारात उभा करायचा, 100 पेटाबाइट म्हणजे दहा कोटी जीबी माल त्यात भरायचा आणि रस्त्याने न्यायचा, कारण एवढा माल तारेतून पाठवायला वर्षानुवर्षं लागली असती. 2024 मध्ये तो ट्रक सेवेतून काढला. "निवृत्त झाला बिचारा," बाबा एवढंच म्हणाले, पण त्या दिवसापासून घरातल्या तांत्रिक चर्चेत त्यांच्या शब्दाला वजन आलं, आणि ते आजतागायत उतरलेलं नाही.

खातं उघडलं बाबांच्या नंबरावर, कारण तो नंबर पंचवीस वर्षांत बदललेला नाही. पैसे भरायला मी सकाळी बसले, ओटीपी गेला बाबांच्या फोनवर आणि बाबा गेले तलावपाळीला फिरायला. फोन केला.

"बाबा, एक सहा आकडी नंबर आला असेल, तेवढा सांगा."

"आलाय."

"हं, सांगा."

"यात लिहिलंय, हा कोणालाही सांगू नये."

"बाबा, मी बोलतेय!"

"आवाज तुझाच वाटतोय. पण हल्ली आवाजाची नक्कल करतात म्हणे. मला सांग, काल रात्री आपल्याकडे भाजी काय होती?"

पडवळ. मी पडवळ म्हणेपर्यंत ओटीपीची मुदत संपली होती.

एकदाचं सगळं जुळलं आणि बॅकअप सुरू झाला. हा प्रकार नवजात बाळासारखाच नाजूक निघाला. त्याला वाय-फाय लागतं, चार्जर लागतो आणि कुणी फोन हातात घेतलेला चालत नाही. पडद्यावर 'अकरा हजार बाकी' असं दिसायचं. रात्रभरात ते दहावर यावं, तर सकाळी सोसायटीच्या हळदीकुंकवाचे, वाण म्हणून वाटलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यांचे, आणि 'हा डबा गळतो का बघा' असे फोटो येऊन आकडा पुन्हा अकरावर. मकरंदने घरात फोटोबंदी जाहीर केली. ती जाहीर करणाऱ्या कागदाचा फोटो सईने काढून मैत्रिणींना पाठवला.

अकरा हजारांत एवढं काय असतं, म्हणून मी बाबांचा फोन उघडला. सूर्यफूल, शुभ सकाळ. कपबशी, शुभ सकाळ. बदक, शुभ सकाळ. गुरुवारी दत्तगुरू, शनिवारी मारुती, आणि रविवारी कारण नसताना स्वित्झर्लंड. 2018 च्या जानेवारीत अमेरिकेच्या वॉल स्ट्रीट जर्नलने या विषयावर बातमी छापली होती: भारतात तिघांपैकी एका स्मार्टफोनवाल्याची जागा रोज संपते, अमेरिकेत दहांपैकी एकाची, आणि आपल्याकडच्या कारणांत सकाळच्या शुभेच्छांचा मोठा वाटा. मी ती बाबांना वाचून दाखवली. मला वाटलं, खजील होतील. "म्हणजे बघ," ते म्हणाले, "माझ्या शुभेच्छा अमेरिकेपर्यंत पोचल्या." असली चित्रं शोधून काढणारं एक ॲप मी गुपचूप लावून पाहिलं. त्याने बाबांची सूर्यफुलं सोडून आत्याबाईंचा पंचाहत्तरीचा फोटो पकडला. पिवळी पैठणी, मागे झेंडूची आरास. यंत्राचं फार चुकलं असं मला वाटत नाही.

मग यंत्राने चेहरे ओळखायला घेतले. ज्यांचे चेहरे सारखे, त्यांचा एकेक गठ्ठा करायचा आणि शंका आली तर घरच्यांना विचारायचं. मकरंद आणि भिंतीवरचे त्याचे आजोबा एकच व्यक्ती आहेत का, असं त्याने विचारलं. मकरंदने त्या दिवशी केसांना तेल लावलं. आमच्या गौरींचे मुखवटे पितळी, ज्येष्ठेचा आणि कनिष्ठेचा शेजारी शेजारी मांडलेला. दोन चौकोनांत दोघींना दाखवून यंत्राने विचारलं, 'ही एकच व्यक्ती आहे की वेगवेगळ्या?' मी 'एकच' दाबणार एवढ्यात आईंनी माझा हात धरला.

"वेगवेगळ्या! थोरलीच्या हनुवटीला पोचा आहे. माझ्या सासूबाईंच्या हातून पडली होती."

"बरं. वेगवेगळ्या."

"आणि नावं विचारतोय तर नीट घाल. नुसतं ज्येष्ठा नको."

"आडनावासकट?"

"माहेरवाशिणी आहेत त्या. आपलंच आडनाव लागणार."

आता भाद्रपदात आमच्या घरी दोघीजणी येतात त्या आडनावासकट, आणि वर्षभर मधूनच फोन मला विचारतो, ज्येष्ठाचे फोटो तिला पाठवू का.

सगळं वर पोचल्याची हिरवी खूण दिसली त्या दिवशी आईंनी शिरा केला. बाबांनी तो खाल्ला, खोलीत गेले आणि फोनमधले सगळे फोटो निवडून, एका झटक्यात पुसून बाहेर आले. "आता वर आहेत ना? मग खाली अडगळ कशाला?" मकरंदचा घास हातातच राहिला. कारण खाली पुसलं की वरचंही पुसलं जातं. फोनमधली जागा मोकळी करायचं बटण निराळं असतं, आणि ते कुठे तरी तीन पायऱ्या आत. बाबांचं म्हणणं, पोस्टातून पाकीट गेल्यावर इथली कार्बन कॉपी फाडली तर नागपूरला पोचलेलं पत्र फाटत नाही. यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं, माझ्याकडे तर नव्हतंच. सुदैवाने आमच्या ॲपच्या कचरापेटीत पुसलेले फोटो 60 दिवस राहतात. सगळे परत आणले. खांब क्रमांक 47 परत आला, घोटा परत आला, बदकसुद्धा.

या धक्क्यानंतर मकरंदने 3-2-1 चा नियम काढला. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेर म्हणून एक हार्ड डिस्क बबलरॅपमध्ये गुंडाळून नणंदबाईंकडे नाशिकला पाठवली, वर 'जपून ठेवणे' अशी चिठ्ठी. संक्रांतीला आम्ही गेलो तर ती त्यांच्या टीव्हीला लावलेली, आणि आतमध्ये कोरियन मालिका.

"ताई, यात आपले फोटो होते ना?"

"होते होय? मला ती आधी फॉर्मॅट करा असं टीव्हीनेच सांगितलं. पण मालिका फार छान आहे गं, तुलाही देते."

या सगळ्यात आईंना काहीच नको होतं. त्यांनी एकदाच, मेथी निवडता निवडता, विषय काढला. "एवढं सगळं जपताय तर माझा एक हाराचा फोटो निवडून ठेव."

"आई, काहीतरीच काय!"

"काहीतरीच काय त्यात? ऐन वेळी तुम्ही गडबडीत आधार कार्डावरचा लावाल."

त्यांची भीती अनाठायी नव्हती. बाबांच्या आई गेल्या तेव्हा एकटीचा फोटो सापडेना म्हणून समूहातून कापून मोठा केला. तो अजून हॉलमध्ये आहे. आजींच्या खांद्यावर एक हात आहे, आणि तो कोणाचा यावर घराण्यात दोन मतं आहेत.

यंत्राने आईंचा गठ्ठा क्षणात काढून दिला. मी आणि सई बघत बसलो. पंक्तीत वाढताना पाठमोऱ्या. हातात झारा, चेहऱ्यासमोर वाफ. "माझा नको गं, अवतार बघ" म्हणत पंजा पुढे केलेला, म्हणजे नुसता पंजा. औक्षण करताना निम्म्या चौकटीबाहेर. एकात चेहरा समोरून, स्वच्छ, हसरा, पण मागे पाटी: 'स्त्रियांसाठी'. महामार्गावरच्या हॉटेलात मकरंदने काढलेला. त्याच दिवशी त्याने मागच्या शेताचे चाळीस काढलेत.

शेवटी आईंनीच माळ्यावरून अल्बम काढला. महाबळेश्वर, केबी-10 चा, '98 सालचा. निळी साडी, वाऱ्याने उडालेली बट, हातात मक्याचं कणीस. चिकटपट्टीच्या पानाला तो असा बसला होता की प्लॅस्टिकसकट पान फाडावं लागलं.

"आई, पण यात तुम्ही चाळिशीच्या दिसता."

"मग? तिथे वय कोण विचारतंय? आणि कणीस कापू नकोस."

हे सगळं बाबा पेपरच्या आडून ऐकत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. "माझा मी निवडून ठेवलाय," ते म्हणाले आणि तिथल्या तिथे घराच्या ग्रुपवर टाकला. फोटो खरोखर चांगला होता. तलावपाळीचा बाक, कोवळं ऊन, इस्त्रीचा सदरा, प्रसन्न चेहरा. फक्त एका कोपऱ्यात गुलाब होता आणि खाली झोकदार अक्षरांत लिहिलेलं: 'आपला दिवस आनंदात जावो.'

"बाबा, खालची ओळ कापून टाकतो हं," मकरंद म्हणाला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "भेटायला येणाऱ्यांना जरा बरं वाटेल."